ठकूबाई करंजाखालून उठली नाही

एका नगरात एक बाई राहायची, आणि ती फार बोलायची. फार म्हणजे किती, तर कोणी जाता जाता सहज “काय ठकूबाई, बरं आहे ना?” असं विचारलं, की त्या माणसाचं पुढचं काम बुडालंच म्हणून समजा. लोक तिला लांबून येताना बघायचे आणि गल्ली बदलायचे. हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं.

ठकूबाई पत्रावळी लावायची. पळसाची पानं घ्यायची, बांबूच्या बारीक काड्यांनी एकमेकांना टाचायची, की झाली जेवायची पत्रावळ. हे काम उन्हात होत नाही. उन्हात पानं कडक होतात आणि काडी घातली की टर्रकन फाटतात. म्हणून ती रोज आपली टोपली घेऊन थोरल्या राईत जाऊन बसायची.

थोरली राई म्हणजे नगराच्या मधोमध असलेली झाडांची मोठी जागा. चहूकडे पेठा, घरं, धूळ आणि गोंगाट, आणि मध्ये ही गार राई. राजाच्या पणजोबांनी ती लावली होती आणि सगळ्या नगराला देऊन टाकली होती. दुपारी हमाल तिथे येऊन आडवे व्हायचे. म्हातारे तपकीर ओढत एकमेकांशी भांडायचे. ज्यांच्या घरात पत्रा तापून भट्टी व्हायची, त्या बाया पोरं घेऊन तिथेच यायच्या.

पणजोबा राजा हुशार होता. आपल्या मागून येणाऱ्यांवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. त्याने राईच्या दारात एक दगड बसवला आणि त्यावर हुकूम कोरला. राईतल्या झाडाला कोणाला हात लावायचा असेल तर त्याने भर दुपारी यावं. डोक्यावरचं काढून उन्हात उभं राहावं. त्या झाडाच्या सावलीत जो बसला असेल त्याला विचारावं. त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नये, जागा सोडू नये, दुसऱ्या झाडाकडे जाऊ नये. सावलीत कोणीच नसेल, तर झाड खुशाल न्यावं.

याला लोक ‘सावली विचारणं’ म्हणायचे. लग्नाच्या मांडवाला फांदी हवी असली की कोणीतरी पागोटं काढून उभा राहायचा, सावलीतला माणूस “ने की” म्हणायचा, आणि झालं. बोलणं पुरं होईपर्यंत, हे शब्द दगडावर होते, पण त्यांची गरज कधी कोणाला पडली नव्हती.

मग राजाने रूळगाडी काढायची ठरवली. लोखंडाचे रूळ, त्यावर लांबलचक गाडी, पुढे आठ घोडे. बंदर नगरापासून पायी एका दिवसाच्या वाटेवर होतं. गाडीने गेलं तर सकाळी निघून जेवणाच्या वेळेला माणूस समुद्रावर. गाडी सगळ्यांनाच हवी होती आणि ठकूबाईला तर सगळ्यांहून जास्त. तिची एकुलती एक लेक, मंजुळा, बंदरावर दिली होती. ठकूबाईचे गुडघे गेलेले, मंजुळाच्या पदरी दोन तान्ही जुळी. दोन वर्षांत मायलेकींची गाठ नव्हती.

गाडीचं काम राजाने कारभाऱ्याकडे सोपवलं. हा कारभारी माणूस वाईट नव्हता, पण त्याला वाकडं म्हणून काही खपायचं नाही. मिशासुद्धा पट्टी लावून कातरल्यासारख्या. त्याने नकाशा पसरला, पेठेपासून बंदरापर्यंत एक सरळ रेघ मारली, आणि ती रेघ नेमकी राईच्या पोटातून गेली. नकाशावर राईच्या जागी नुसता कोरा कागद होता. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, रिकामी जागा.

आधी कारभारी म्हणाला, दहा झाडं जातील. महिन्याभराने म्हणाला, चाळीस. मग म्हणाला, घोडे दमतात, त्यांना मध्येच तबेला लागेल, तोही राईतच बांधू. लोक भडकले. म्हाताऱ्यांनी तपकिरीच्या डब्या आपटल्या. “येऊ दे त्याला सावली विचारायला! बघतोच! आम्ही काय उठतोय का!” असं जो तो म्हणायला लागला. छात्या काय, आवाज काय, विचारू नका.

कारभाऱ्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि दवंडी पिटवली. पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ तयार आहेत. येत्या पौर्णिमेला, भर दुपारी, नगरातल्या सगळ्यांना गाडीतून चक्कर. महाराज स्वतः पहिल्या बाकावर बसतील. शिवाय प्रत्येकाला एकेक बुंदीचा लाडू.

झालं! पौर्णिमेच्या दुपारी अख्खं नगर पेठेत रांगेला उभं. हमाल आले, बाया पोरं घेऊन आल्या, तपकीरवाले म्हातारे तर सगळ्यांच्या पुढे. ठकूबाईही रांगेत होती. ती का नसेल? जी गाडी आपल्याला लेकीकडे नेणार, ती बघायची नाही का माणसाने?

पहिली गाडी महाराजांना घेऊन निघाली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. त्या गडबडीत ठकूबाईला समोरच्या बोळातून कारभारी जाताना दिसला. त्याच्या मागे दोन लाकूडतोडे होते, खांद्यावर कुऱ्हाडी टाकून, आणि तिघे राईच्या दिशेने चालले होते.

तिने पुढच्या म्हाताऱ्याला ढोसलं. “अहो, राईत कोण बसलंय आत्ता?”

“असेल की कोणीतरी,” म्हातारा म्हणाला. त्याचं लक्ष लाडवांच्या परातीकडे होतं.

तिने मागच्या हमालाला विचारलं. तो म्हणाला, “असतंच की तिथे कोणी ना कोणी. कायम असतं.” तिने बायांना विचारलं. त्या म्हणाल्या, “आम्ही नसलो म्हणून काय झालं, बाकीचे असतील.” आणि ते बाकीचे सगळे तर इथे रांगेत उभे! ठकूबाई ओरडून सांगायला लागली, तर लोक म्हणाले, “झालं, सुरू झाली हिची टकळी.” तिचं बोलणं कोणी ऐकायचंच नाही, अशी सवय लागलेली होती ना सगळ्यांना.

तिची पाळी यायला चार माणसं उरली होती. तिने गाडीच्या वाटेकडे एकदा बघितलं, टोपली काखेत मारली आणि त्या गेलेल्या गुडघ्यांनी राईकडे पळत सुटली.

ती पोचली तेव्हा दाराजवळचं जांभळीचं झाड आडवं पडलं होतं. सावलीत कोणी नव्हतं, कारभाऱ्याने तीनदा हाका मारल्या, उत्तर आलं नाही, आणि घाव पडले. कच्ची जांभळं सगळीकडे विखुरली होती. पण उभं राहून रडायला वेळ नव्हता. कारभारी दुसऱ्या झाडाकडे, करंजाकडे निघाला होता. ती त्याच्या आधी तिथे पोचली आणि खोडाला पाठ टेकून धपकन बसली.

कारभारी थबकला. मग हसून म्हणाला, “ठकूबाई, तू? अगं, तुझ्यासारखीने तर आपल्या हाताने ही झाडं बाजूला करायची. मंजुळा बंदरावर आहे ना तुझी? ऊठ. पुढच्या पावसाळ्याआधी तुला नातवंडांच्या पुढ्यात नेऊन बसवतो.”

ठकूबाईने टोपली बाजूला ठेवली. कारभाऱ्याला वाटलं, काम झालं. त्याने लाकूडतोड्यांना खूण केली. पण ते जागचे हलले नाहीत. त्यातला थोरला म्हणाला, “सरकार, सावलीत माणूस आहे. विचारल्याशिवाय आम्ही कुऱ्हाड उचलायचे नाही. दगडावर लिहिलंय.”

“बरं, विचारतो,” कारभारी म्हणाला. त्याने पगडी काढून एकाच्या हातात दिली, टळटळीत उन्हात उभा राहिला आणि म्हणाला, “सावलीतल्या माणसा, हे झाड तोडू का?”

ठकूबाईने टोपलीतून पळसाची पानं काढली, मांडीवर ठेवली, आणि बोलायला सुरुवात केली.

“सांगते. पण आधी हे सांगते, की मी या झाडाखाली पहिल्यांदा बसले ती नवी नवरी असताना. सासूबाईंनी हातात पानं दिली, म्हणाल्या, लाव पत्रावळ. मला कुठे येत होती? माझी पत्रावळ म्हणजे वाढलेलं वरण थेट जमिनीवर! सासूबाईंची अशी बोलणी खाल्ली म्हणता! मी इथेच मुसमुसत बसले. तर पलीकडे एक हमाल पहुडला होता, धर्मा नावाचा, तो म्हणाला, रडू नको पोरी, माझ्या बायकोने पहिली भाकरी केली ती कुत्र्यानेही हुंगून सोडली होती. आता हा धर्मा कोण, तर त्याची गोष्ट मोठी आहे…”

आणि धर्माची गोष्ट मोठीच होती. त्यात त्याची बायको आली, बायकोचा भाऊ आला, भावाची हरवलेली शेळी आली. शेळी याच राईत सापडली, बहाव्याखाली, म्हणून मग बहाव्याखाली बसणारी माणसं आली. कारभाऱ्याच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. त्याने तोंड उघडलं, तर लाकूडतोड्याने बोट ओठांवर ठेवलं. त्याने पाऊल मागे घेतलं, तर धाकट्याने मान हलवून दगडाकडे बोट दाखवलं. अहो, त्या दोघांना तर गोष्टीत रंगच चढला होता!

सूर्य कलला. करंजाची सावली सरकली, तशी ठकूबाई टोपलीसकट सरकली. हात चालू, तोंड चालू. लावलेल्या पत्रावळींची चळत वाढत होती.

“तुमच्या कागदावर ही जागा रिकामी आहे म्हणे. रिकामी? माझी मंजुळा इथे रांगायला शिकली, कारभारी. घरात रांगायला जागाच नव्हती, चूल आणि भिंत यांच्यात हातभर अंतर. तिला गोवर आली तेव्हा घर तापून भट्टी झालेलं. वैद्य म्हणाला, गारव्याला ठेवा. गारवा काय आमच्या घरात पुरून ठेवलाय? सात दिवस सात दुपारी तिला या करंजाखाली घेऊन बसले. पोर वाचली. आज ती तिकडे आहे आणि मी इकडे, आणि तिच्या जुळ्यांची तोंडंसुद्धा मी अजून…”

इथे ठकूबाई थांबली. तिच्या हातातली काडी तशीच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईला पुढचा शब्द सुचेना.

कारभारी लगेच पुढे झाला. “झालं बोलून?”

“घसा भरून आलाय,” ठकूबाई म्हणाली. “बोलणं कुठे संपलंय? उभे राहा तिथेच.”

तिने पदराने डोळे पुसले आणि आवाज चढवला. “मला लेकीकडे नेतो म्हणालात ना? मला जायचंय. गाडी पाहिजेच मला. पण माझी लेक जिथे जगली ते झाड तोडून, त्याच्यावरून गाडी हाकत तिला भेटायला जाऊ? आणि ती जुळी इथे आली की त्यांना कुठे बसवू? तुमच्या तबेल्यात? पश्चिमेला जुना खंदक आहे, कोरडा ठणठणीत, तिथे नगराचा कचरा टाकतात. न्या की तिथून रूळ! वळण पडेल. मग पडू दे. किती उशीर होईल, एक विडा चघळून होईल एवढा? तेवढा वेळ वाचवून तुम्ही काय करणार आहात हो कारभारी? मला तर वाटतं, इथेच येऊन पडाल!”

तेवढ्यात राईच्या दारात कालवा झाला. गाडीच्या चकरा संपल्या होत्या आणि दमलेलं नगर सवयीप्रमाणे सावलीला आलं होतं. सगळ्यांत पुढे म्हातारे होते. त्यांनी आडवं पडलेलं जांभळीचं झाड बघितलं आणि ते जागच्या जागी उभे राहिले. एकाच्या हातात अर्धा लाडू होता. त्याला तो ना खाववेना, ना टाकवेना.

कोणी कोणाकडे बघितलं नाही. एक हमाल मुकाट्याने गेला आणि तिसऱ्या झाडाखाली मांडी ठोकून बसला. एक बाई पोर घेऊन चौथ्याखाली बसली. मग सगळेच धावले. बघता बघता उरलेल्या एकोणचाळीसच्या एकोणचाळीस झाडांखाली माणसं दाटली, आणि तपकीरवाला म्हातारा चिरक्या आवाजात ओरडला, “या कारभारी! आम्हालाही विचारा! मला या चिंचेबद्दल पुष्कळ बोलायचंय! माझ्या लहानपणापासून सुरू करतो!”

“आणि मग मी!” हमाल ओरडला.

“आम्ही सात जणी आहोत इथे!” बाया ओरडल्या.

गलका ऐकून राजा आला. बघतो तर काय, आपला कारभारी बोडक्याने उन्हात उभा, तोंड लालबुंद, मिशा घामाने वाकड्या झालेल्या, आणि समोर एक बाई पत्रावळी लावत बोलतेय. राजाने दगडावरचा हुकूम लहानपणी वाचलेला होता. तो बाजूला उभा राहून ऐकत राहिला. ठकूबाईने खंदकाचं आणि गोवरचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तेही त्याने ऐकलं.

शेवटी कारभाऱ्याला भोवळ आली. तो डुलायला लागला. ठकूबाईचं बोलणं तिथे मात्र तुटलं.

“अगं बाई, पडतोय हा माणूस! अहो, या इकडे. बसा सावलीत. लाजताय काय, सरकते मी, आहे जागा.”

तिने त्याला हाताला धरून करंजाखाली आणलं, खोडाला टेकवलं आणि ताज्या पत्रावळीने वारा घालायला लागली. कारभाऱ्याने डोळे मिटले. करंजाखालचा वारा अंगाला लागला तसा त्याचा श्वास हळूहळू खाली बसला.

मग राजा पुढे आला. त्याने आपला मुकुट काढून लाकूडतोड्याच्या हातात दिला आणि उन्हात, कारभारी उभा होता नेमक्या त्याच जागी जाऊन उभा राहिला.

“सावलीतल्या माणसा,” राजा कारभाऱ्याला म्हणाला, “हे झाड तोडू का?”

कारभाऱ्याने डोळे उघडले. त्याने वर फांद्यांकडे बघितलं. मग समोर बोडक्याने उभ्या असलेल्या राजाकडे बघितलं. त्याला लगेच बोलता येईना, आणि राजालाही घाई करता येईना. ठकूबाईने त्याला तांब्यातून पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर तो म्हणाला, “नको, महाराज. कोणालाच तोडू देऊ नका.”

लाकूडतोड्यांनी कुऱ्हाडी उचलल्या आणि ते घरी गेले.

रूळ खंदकातून गेले. कचरा उपसावा लागला, भिंती बांधाव्या लागल्या, आणि काम आणखी दीड वर्ष लांबलं. दीड वर्ष ठकूबाईने लेकीचं तोंड बघितलं नाही. त्या दिवसांत ती रडली का? रडली. खोटं कशाला सांगू? शेजारणींनी विचारलं, “पस्तावलीस का गं?” तर म्हणायची, “माझं रडणं मी करंजाखाली बसून रडते. तुम्ही तुमचं बघा.”

जांभळीच्या जागी मात्र उन्हाचा एक मोठा तुकडा पडून राहिला. तिथे नवं रोप लावलं, पण सावली धरायला त्याला किती वर्षं लागणार ते लावणाऱ्यांना माहीत होतं. त्या दिवशी रांगेत उभी राहिलेली माणसं तिथून जाताना अजून मान खाली घालतात. घालू दे. घालायलाच हवी.

आणि गाडी सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी ठकूबाई तिच्यात बसून बंदरावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मंजुळाला आणि जुळ्यांना घेऊन आली. दुपार झाली होती, ऊन रणरणत होतं. ती त्यांना घरी घेऊन गेलीच नाही, आधी राईत आणलं. दोन्ही नातवंडं करंजाखाली सोडली आणि ती दुडुदुडु पळत सुटली. ठकूबाई बघत बसली. बराच वेळ ती एक अक्षरही बोलली नाही.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: जी जागा आपली म्हणता, तिथे वेळेला स्वतः जाऊन बसा, कोणीतरी असेलच म्हणू नका, आणि कोणी ऊठ म्हणालं, तर उठू नका.